चोथ्याची बिस्किटं

श्रावण आला की लोकांना हिरवळ दिसते. मला मळमळतं.

असं म्हटलं की समोरचा हसतो, त्याला वाटतं मी चेष्टा करते आहे. चेष्टा बिलकुल नाही. बाहेर ती बारीक, चिवट झड लागते, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, भिंतीला ओल येते, आणि माझ्या जिभेच्या मुळाशी खवट खोबऱ्याची चव हळूच येऊन बसते. मग अमावस्या होऊन जाईपर्यंत ती हलत नाही. ऊन-पावसाचा खेळ, पोपटी रानं, इंद्रधनुष्य, हे सगळं ज्यांना दिसतं त्यांनी खुशाल बघावं. मी खिडकी लावून घेते.

परवा बेळगावात, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, देसाई मॅडमनी डबा उघडला. डब्यात गोल, तपकिरी, कडेला थोडीशी करपलेली बिस्किटं. "घरी केलेत ओ," त्या म्हणाल्या. "नारळाच्या पिठाचे. मैदा न्हाई, गहू न्हाई, कसलंच धान्य न्हाई. म्हैना झाला, धान्यच सोडलंय मी. काय हलकं वाटतंय म्हणून सांगू! घ्या की ओ, बघा तरी." त्यांनी डबा माझ्या नाकाखाली धरला. आधी व्हॅनिलाचा वास आला, आणि व्हॅनिलाच्या खालून माझा जुना शत्रू वर आला. आणि तोंडातून, विचार करायच्या आत, निघून गेलं, "नको, आज माझा उपास आहे."

"मग तर चालतंय की!" देसाई मॅडम खूष होऊन म्हणाल्या. "धान्य कुठाय ह्यात?"

मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. पावसाचं पाणी पन्हळीतून पडत होतं. राग मला देसाई मॅडमचा आला नव्हता, त्या बिचाऱ्या हौसेनं खात होत्या. ज्याला सगळं चालतं त्यानं हौसेनं काहीतरी सोडावं, त्यातही मजा असेल. माझ्याच तोंडातून ते वाक्य इतकं सहज बाहेर यावं, ह्याची मला शिसारी आली. ते वाक्य माझं नव्हतंच. ते आईचं होतं.

त्या वर्षी मी एम.एस्सी. उरकून निपाणीला घरी आले होते. उरकून म्हणजे अक्षरशः उरकून. परीक्षेत निम्मं लक्ष पेपरात आणि निम्मं पोटात होतं. काही खाल्लं की पोट फुगायचं, कळा यायच्या, उलट्या व्हायच्या, आणि बाकीचं सांगत नाही. केस फणीत येत होते, तोंड आतून सोलवटलं होतं, ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. निपाणीतल्या गोळ्या झाल्या, काढे झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी आषाढात बेळगावच्या एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं की हिला गहू चालत नाही. जन्मभर नाही. आणि आतडं इतकं सोललं गेलंय की ते ताळ्यावर येईपर्यंत काही महिने बाकीची धान्यंही नकोत. तांदूळ नको, ज्वारी नको, नाचणी नको.

"मग ती खाणार काय?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात भांडण होतं. जेवण म्हणजे भाकरी, हे ज्या घरात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं आहे तिथल्या बाईला हा प्रश्न पडणारच.

शेजारच्या खोलीत आहार सांगणारी एक मुलगी बसली होती. तिनं पुष्कळ सांगितलं. भाज्या, मटण, मासे, शेंगदाणे, रताळी, आणि चहाबरोबर खायला नारळाच्या पिठाची बिस्किटं. "अंडी मात्र घाला," ती म्हणाली. "नारळाचं पीठ पाणी शोषतं, स्वतःहून धरत नाही. अंडं नसेल तर भुगा होतो." आईनं त्यातलं फक्त बिस्किट ऐकलं. आमच्या घरी सकाळच्या चहात काहीतरी बुडवल्याशिवाय चहा प्यायला असं कुणी मानत नाही. आणि बिस्किट म्हणजे आईचा प्रांत. आमच्या गावात दिवाळीच्या आधी बायका घरचा रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि भट्टीवर बिस्किटं पाडून आणतात. पत्र्याचे डबे रांगेत लागतात, बायका त्यांच्यावरच बसून गप्पा मारतात. आई तिथं भट्टीवाल्याच्या डोक्यावर उभी राहून बिस्किटं पाडून घ्यायची. "तूप हात राखून घालू नगा, माझंच हाय ते," असं दरडावायची. तिच्या बिस्किटांचं गल्लीत नाव होतं.

पण बेकरीतली हवासुद्धा मैद्याची, म्हणून ही बिस्किटं घरीच करायची ठरली. ओव्हन कुठला? कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला जाडं मीठ घालायचं, त्यावर ताटली ठेवायची. आईनं मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ बघितला, कन्नडमधला, आणि कामाला लागली.

नारळाचं पीठ म्हणजे काय, ते एकदा स्पष्ट सांगते. त्याला पीठ म्हणतात ही पहिली थाप. नारळ खवायचा, गरम पाण्यात वाटायचा, फडक्यात पिळून दूध काढायचं. उरतो तो चोथा. हा चोथा आमच्याकडं म्हशीला घालायची पद्धत, आणि म्हैसही तो काही उड्या मारून खात नाही. तो वाळवून मिक्सरला फिरवला की झालं पीठ. दूध घरातल्यांच्या आमटीत जायचं, चोथा माझ्या वाट्याला.

आणि हे सगळं श्रावणात. ऊन नाही. चोथा वाळणार कुठं? आईनं तो माजघरात, पंख्याखाली, आप्पांच्या जुन्या धोतरावर पसरला. आप्पा, माझे वडील, तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. त्यांच्या कपड्यांना, अंगाला, उशीला, तंबाखूचा तो उग्र, नाकात चढणारा वास कायमचा होता. लहानपणी मला तो आवडायचा, आप्पा घरी आले असं त्या वासानं कळायचं. आता तो चोथ्यात मुरला. पंखा रात्रंदिवस फिरायचा, चोथा वरून वाळल्यासारखा दिसायचा, आणि हाताला आतून दमट लागायचा. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास यायचा. मग आई तो तव्यावर परतायची, म्हणजे आंबूस वास जाऊन खवट यायचा. मी नाक धरून म्हणायचे, "आई, हे खराब झालंय." ती मूठभर घेऊन लांबून हुंगायची आणि म्हणायची, "खोबऱ्याला खोबऱ्याचाच वास येनार की. गुलाबाचा येतोय व्हय?"

ती बिस्किटं तोंडात घातली की आधी काहीच व्हायचं नाही. मग तोंडातलं सगळं पाणी ती पिऊन टाकायची. टाळू कोरडी, घसा कोरडा, आणि दातांच्या फटीत भुस्सा. चावावं तेवढा तो वाढायचा. गिळला की मागून वास यायचा, तो खाण्याचा नव्हे, डोक्याला लावायच्या तेलाचा. कुणाची तरी तेल चोपडलेली वेणी चघळतेय असं वाटायचं. चहात बुडवलं तर बिस्किट तळाशी जायचं आणि चहावर तेलाचा तवंग यायचा, रंगीबेरंगी, रस्त्यावर गाडीखाली साचलेल्या पाण्यावर येतो तसा. आई समोर बसून बघत असायची. "खा की गं. जीव ओतून केलीत." मी खायचे. मग दिवसभर ढेकरातून ती परत यायची.

तिनं स्वतः मात्र कधी तोंडात घातलं नाही. "तुलाच पुरंनात," म्हणायची.

पंचमीच्या दिवशी शेजारच्या शालनकाकू गव्हाच्या कणकेत उकडलेली पुरणाची दिंडं घेऊन आल्या. वाफा येत होत्या. मी पाटावर बसून रताळं खात होते. काकूंनी एक दिंड थेट माझ्या ताटात घालायला हात पुढं केला आणि आई मध्ये पडली.

"तिला नगं. उपास हाय तिचा."

"आज कुटला उपास? काल न्हवं का भावाचा उपास? आज तर सोडायचा."

आई क्षणभर थांबली. मला ते थांबणं अजून दिसतं. त्या क्षणात ती खरं बोलू शकत होती. मग म्हणाली, "श्रावण धरलाय तिनं. म्हैनाभर."

"आगं बया! म्हैनाभर? धान्य न्हाईच?"

"न्हाईच."

शालनकाकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी हातातलं रताळं खाली ठेवलं. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्या गेल्यावर आप्पा म्हणाले, "आजार हाय म्हणून सांगिटलं असतंस तर काय बिगडलं असतं?"

"काय बिगडलं असतं?" आई त्यांच्यावर उसळली. "लगीन व्हायची पोरगी ओकती म्हटल्यावर लोकं काय बोलत्याली, ठावं हाय? आन् पोटाचं दुखनं म्हटलं की हिला पोर हुईल का न्हाय तिथवर जात्याली. तुमाला काय, वखारीत जाऊन बसला की झालं. मला ह्या गल्लीत ऱ्हायाचं हाय." आप्पा छत्री घेऊन वखारीकडं निघाले. आईची भीती खोटी नव्हती. आमच्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा तिच्या दातांपासून चालण्यापर्यंत सगळं बघतात, आतडं तेवढं बघायचं राहिलं होतं.

आणि थाप इतकी सोयीची होती! साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, राजगिरा, जे काही मला खायला उरलं होतं ते सगळं उपासाचंच. माझं ताट बघून कुणालाही शंका यायचं कारण नव्हतं. आजारी मुलीचं ताट आणि धार्मिक मुलीचं ताट हुबेहूब सारखं, ही आपल्या धर्माची केवढी मोठी कृपा.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ? शनिवारी मारुतीला फोडलेल्या नारळाची वाटी शालनकाकूंनी माझ्यासाठी आणली. मग समोरच्या आजींनी आणली. मग कुणी सोमवारची, कुणी शुक्रवारची. "तुझ्या तोंडात पडूं दे गं, पुण्य लागंल," असं म्हणत बायका आत येऊ लागल्या. आमच्या शिंकाळ्यात, फळीवर, फ्रीजवर नारळाच्या वाट्याच वाट्या. निम्म्या बुळबुळीत झालेल्या, काहींना गुलाबी बुरशी. आई बुरशी खरवडून टाकायची आणि बाकीची वाटी खवायला घ्यायची. देवाचं टाकायचं नसतं. अशा रीतीनं गावातल्या सगळ्या देवांचा चोथा माझ्या पोटात जायला लागला.

शुक्रवारी कहाणी वाचायला मला बोलावू लागले. "तू वाच, तुझं सोवळं लई," असं म्हणून पाटावर बसवायचे. एकदा शालनकाकूंची सून तापानं फणफणलेलं तान्हं घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, ह्याच्या डोक्यावर हात ठेवा की." माझ्या पोटात तेव्हा कळ उठलेली. मी हात ठेवला. तान्ह्याचं डोकं इस्त्रीसारखं गरम होतं. "डॉक्टरकडं न्या ह्याला," मी म्हणाले, तर ती नम्रपणे मान हलवून म्हणाली, "तुमी म्हणताय तर न्हेतो." मी तिथून जी धावले ती थेट संडासात. आत उकिडवी बसून मी घामानं निथळत होते आणि बाहेर बायका माझ्या तपाबद्दल बोलत होत्या. मला त्या बायकांची किळस आली, कहाणीची आली, हाताला लागलेल्या हळदीकुंकवाची आली.

कारण मी बरी होत नव्हते. उलट खंगत होते. गहू बंद, तांदूळ बंद, भाकरी बंद, तरी उलट्या तशाच. का, ते कळायला श्रावणातल्याच पुढच्या तपासणीची वाट बघावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, नक्की काय काय खाते ते सांगा, आणि आईनं मोठ्या अभिमानानं बिस्किटांची कृती सांगितली. श्रावणात अंडं घरात कसं आणायचं? त्यातून पोरीनं महिनाभराचं व्रत धरलंय असं गावभर झालेलं, आणि त्याच घरात अंड्याची टरफलं? मग बिस्किटं धरायला काहीतरी हवं म्हणून तिनं त्यात वरीचं पीठ घातलं होतं. पहिल्यांदा चमचाभर, मग वाटीभर, मग निम्म्याला निम्मं. "वरी तर धान्य आहे," डॉक्टर म्हणाले. "असं कसं?" आई म्हणाली. "उपासाला चालती की ती." तिला कुणी फसवत होतं असं नाही. जन्मभर जी वस्तू एकादशीला खाल्ली ती धान्य कशी असेल? वरीचे तांदूळ, असं नावातच तांदूळ असून तिला तो कधी दिसला नव्हता, आणि खरं तर मलाही दिसला नव्हता. एम.एस्सी. होऊन. "दळता कुठं?" डॉक्टरांनी विचारलं. दळायला गल्लीतली गिरणी. गव्हावर. म्हणजे गव्हाचं पीठ त्या जात्याला चिकटलेलं असताना, त्याच्यावरच. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्या औषधानं मी बरी व्हायची तेच मला आजारी पाडत होतं. वरी त्या दिवशी बंद झाली, अंडी मात्र आली नाहीत.

आता आईनं घरघंटी घेतलीय. तिच्यात गव्हाचा एक दाणा शिरू देत नाही. ज्वारी दळते, डबा भरून माझ्याकडं बेळगावला पाठवते, कारण ज्वारी मला पुढं चालू लागली. अंडीही घरात आली, त्याच श्रावणात, अमावस्या व्हायच्या आधी. ती आईनं दुकानापासून घरापर्यंत पारदर्शक पिशवीत, हात लांब धरून आणली, शालनकाकूंच्या दारावरून. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. घरघंटी, ज्वारी, अंडी, हे सगळं नंतरचं, आणि त्याआधी जे झालं ते असं झालं.

शालनकाकूंनी स्थळ आणलं. संकेश्वरचं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, एकुलता एक. त्याच्या आईनं म्हणे माझ्या श्रावणाची कीर्ती ऐकली आणि फोटोसुद्धा मागवला नाही. सोमवारी संध्याकाळी येतो म्हणाले. आईचे पाय जमिनीवर ठरेनात. भिंतीवरची ओल दिसू नये म्हणून तिनं कॅलेंडर दोन खिळे सरकवून लावलं. मी म्हणाले, "आई, आलेल्या माणसांना खरं सांगूया." ती चोथा मळत होती. मान वर न करता म्हणाली, "लगीन झाल्यावर सांगू. एकदा घरात गेलीस की तुझं तू बघशील. सासू काय जेवताना रोज तोंडात डोकावती?"

"सासरी भाकरी खावी लागंल मला. चपाती खावी लागंल."

"तिथं बी उपास धरायचा."

जन्मभर! मी जन्मभर उपास धरणार होते, आणि मेले की लोक म्हणणार होते, काय निष्ठा. मला हसू यायला हवं होतं. मी न्हाणीत जाऊन ओकले.

संकेश्वरच्या आक्का, मुलाची आई, आल्या त्या पावसात भिजतच. मोठ्या अंगाच्या, प्रसन्न तोंडाच्या, हिरव्यागार इरकलीतल्या. मुलगा सडपातळ, संकोची, पायातले बूट कुठं ठेवू असं विचारणारा. आक्कांनी मला जवळ बसवून घेतलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, ओठ पांढरे. "बघ रं," त्या मुलाला म्हणाल्या, "उपासाचं तेज कसं असतंय ते." मुलानं बघितलं. त्याला तेज दिसलं नसावं, कारण तो जरा घाबरल्यासारखा झाला आणि समोरच्या बशीतलं बिस्किट उचलून खायला लागला. ते त्यानं बराच वेळ चावलं. "चांगली आहेत," म्हणाला, आणि तांब्यातलं पाणी वाटीभर नाही, सगळं प्याला.

मग दिवेलागण झाली. सोमवार सोडायची वेळ. आक्कांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

"आमच्यात एक रीत हाय," त्या आईला म्हणाल्या. "सून मनात भरली की सासूनं तिचा श्रावनी सोमवार आपल्या हातानं सोडवायचा. मला माज्या सासूनं असाच भरवलावता. हुग्गी आनलीया. खपली गव्हाची, घरच्या गुळाची. सासूच्या हातचा ह्यो एक घास म्हैनाभराच्या व्रताला बी चालतोय."

त्यांनी झाकण उघडलं. आणि इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो वास इतका सुरेख होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिजून फुटलेला गहू, गूळ, वेलदोडा, जायफळ, वरून साजूक तूप. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जे मला खायला घालत होते त्याची शिसारी येत होती, आणि जे विष होतं ते जीव टाकावा इतकं चांगलं होतं. आक्कांनी बोटांनी घास केला. त्यांच्या बोटांवरून तूप ओघळत होतं. तो घास माझ्या तोंडाजवळ आला.

मी आईकडं बघितलं. तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तिच्या समोर सांगितलं होतं, गहू जन्मभर नाही, कणभर नाही. तिनं आक्कांच्या पाठीमागून माझ्याकडं बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. खा. एकच घास. खा की.

त्या क्षणी मला माझ्या आईची किळस आली. हे लिहायला हात जड होतो, पण तसंच झालं. बुरशी लागलेल्या खोबऱ्याची आली नव्हती, चहावरच्या तवंगाची आली नव्हती, एवढी. मी तोंड घट्ट मिटलं आणि आक्कांचं मनगट धरून बाजूला केलं.

"मला गहू चालत न्हाय," मी म्हणाले. "उपास न्हाय माझा. कधीच न्हवता. आजार हाय मला, आतड्याचा. जन्माचा."

आक्कांचा हात तसाच हवेत होता, तूप मनगटापर्यंत आलेलं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, मग स्वतःच्या हाताकडं. घास हळूच डब्यात परत ठेवला. "लागतंय व्हय गं हे?" त्यांनी विचारलं. शिवण्यानं लागतो का, असं. "न्हाय," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण पदराला हात पुसला, चांगला घासून पुसला, आणि डब्याचं झाकण लावलं. त्या चिडल्या नाहीत, वाकडं बोलल्या नाहीत. "आधी सांगायला पायजे हुतं आक्का," एवढंच आईला म्हणाल्या. तो मुलगा दारात बूट घालताना माझ्याकडं वळून म्हणाला, "औषध घ्या वेळेवर." आप्पा त्यांना छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले.

आई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, तिनं तोंड सोडलं. गल्लीत काय तोंड दाखवू, शालननं एवढं करून स्थळ आणलं, एक घास खाल्ला असतास तर काय मेली असतीस, मी रात्रंदिवस त्या कुकरापुढं उभी राहून तुझ्यासाठी हाडं झिजवते आणि तुला त्याचं काही नाही. तिचाही सोमवार होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाहुण्यांच्या बशीत बिस्किटं उरली होती. बोलता बोलता, तिकडं लक्षही नसताना, तिनं त्यातलं एक उचललं, तोडलं आणि तोंडात घातलं.

ती बोलतच होती. मग बोलणं मंदावलं. जबडा एकदा हलला, पुन्हा हलला, आणि थांबला. गालाच्या आत काहीतरी अडकल्यासारखं तिचं तोंड वाकडं झालं. डोळे बारीक झाले. तिनं गिळायचा प्रयत्न केला, ते खाली गेलं नाही. ती उठली, मोरीशी गेली, वाकली आणि थुंकली. चूळ भरली. पुन्हा थुंकली. बोटानं दातांतून काढलं. तिसऱ्यांदा चूळ भरून ती तशीच मोरीच्या कट्ट्याला धरून उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून.

"हे खातीस व्हय गं तू?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पुसतच राहिली. मग वळली. तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता इतका लहान दिसत होता.

"मग सांगायचं न्हाईस व्हय मला?"

"रोज सांगिटलंय की आई."